सात नंबरची फांदी

पूंगोडी गल्लीत शिरली की पोरं आधी बोंब ठोकायची, "शीवाली अक्का आली! शीवाली अक्का आली!" ओरडणारी ती सगळी पोरं कधी ना कधी तिच्या डबीत जाऊन आलेली होती. त्यामुळे ती कंबरेवर हात ठेवून त्यांना सुनवायची, "ओरड, ओरड! दीड वर्षाचा असताना काय पिचकाऱ्या मारत होतास ते तुझ्या आईला विचार. तारखेसकट लिहून ठेवलंय माझ्याकडे."

आणि खरंच लिहून ठेवलेलं होतं. एक नाही, दोन नाही, चौदा वर्षांचं. वेल्लूरच्या किल्ल्याच्या मागून पालार नदीच्या कोरड्या वाळूकडे उतरत जाणाऱ्या चार गल्ल्या तिच्या होत्या. त्या गल्ल्यांत मूल जन्मलं की तिसऱ्या वाढदिवसापर्यंत ते पूंगोडीचं. आठवड्यातून दोनदा दारात उभं राहायचं आणि विचारायचं, "काय गं, पोट कसंय बाळाचं?" पातळ झाली असेल तर झाकणातल्या चमच्यानं घेऊन निळ्या झाकणाच्या डबीत भरायची, डबीला नंबराची चिठ्ठी लावायची, डबी बर्फाच्या पेटीत ठेवायची आणि दुपारी एकच्या आत संशोधन केंद्रावर पोहोचवायची. किती वेळा झाली, उलटी झाली का, ताप आहे का, हे सगळं कागदावर लिहायचं. केंद्रात मग शोधायचे की यात रोटा, म्हणजे जुलाबाचा तो विषाणू, आहे का, आणि असला तर कुठल्या घराण्यातला आहे. लस अजून यायची होती. त्या गल्ल्यांत जुलाब लागला की म्हाताऱ्यासुद्धा विचारायच्या, "रोटा का साधं?"

हे ऐकायला सोपं वाटतं. करून बघा! बाळाची शी परक्या माणसाच्या हातात कोण देतं? बाळाचे केस, नखं, अंगावरून उतरलेला कपडा, आणि हेही, यांतलं काहीही भलत्याच्या हाती गेलं तर करणी होते, असं तिथं सगळेच मानायचे. पहिल्या वर्षी पूंगोडीच्या तोंडावर किती दारं आपटली याला हिशेब नाही. मग तिनं आपली युक्ती काढली. कंबरेला एक कापडी चंची बांधली आणि तिच्यात जाडं मीठ आणि सुक्या मिरच्या ठेवल्या. डबी भरायच्या आधी मूठभर मीठ-मिरची बाळावरून तीनदा ओवाळायची आणि त्याच घरच्या चुलीत टाकायची. मिरची तडतडली की आजीबाई खूश, आणि मग डबीच काय, बादलीभर न्या म्हणाल्या असत्या. केंद्राच्या कुठल्याही नियमात मीठ-मिरची बसत नव्हती. पण केंद्राच्या मोठ्या डॉक्टर, जेमीमा डॉक्टरम्मा, चंचीकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या.

तर अशी ही पूंगोडी. वय एक्केचाळीस, अंगानं सुटलेली, जिभेनं तिखट, गजऱ्याशिवाय घराबाहेर न पडणारी. तिला वाईट म्हणायची घाई करू नका. आधी ऐका.

केंद्रात वरच्या मजल्यावर एका लांब बोळाच्या भिंतीवर एक भलंमोठं झाड लावलेलं होतं. कागदाचं. त्याला पानं नव्हती, पानांच्या जागी नंबर होते. कुठल्या बाळाचा रोटा कुठल्या रोटातून निघाला, कोण कुणाचा बाप, कोण कुणाचा चुलता, हे सगळं त्या फांद्यांवर मांडलेलं. हा विषाणू म्हणजे अकरा तुकड्यांची पोथी, असं डॉक्टरम्मांनी एकदा डब्या गोळा करणाऱ्या सगळ्या अक्कांना समोर बसवून सांगितलं होतं. एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना पोथीत एखादं अक्षर चुकतं. कधी एकाच पोटात दोन निरनिराळे विषाणू भेटले तर आख्खे तुकडेच अदलाबदल होतात, आणि काहीतरी नवंच निपजतं. दर चार-सहा महिन्यांनी डॉक्टरम्मा झाड नव्यानं छापून लावायच्या.

प्रत्येक नंबराचा पहिला आकडा गल्ल्या कुणाच्या ते सांगायचा. पूंगोडीचा आकडा सात. झाडावर सात नंबरची पानं दोनशेच्या वर होती आणि झाडून सगळी त्या एका जुन्या, जाड्या फांदीवर. चौदा वर्षं उन्हातान्हात पेटी वाहिली, पण तिच्या गल्ल्यांतला विषाणू आपला तोच, नेहमीचा. पूंगोडीला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं, कारण बाकीच्या अक्कांचीही पानं तिथंच लटकलेली होती.

आणि मग नित्यकल्याणी आली.

चोवीस वर्षांची, सायन्सची पदवी घेतलेली, चुडीदारखाली बूट घालणारी. तिला गल्लीत चालायला शिकवलं ते पूंगोडीनं. कुत्रं कुठलं चावतं, कुठल्या घरात सासूला आधी नमस्कार करायचा, कुठं पाणी प्यायचं आणि कुठं नाही, हे सगळं पूंगोडीनंच शिकवलं. एकच गोष्ट त्या पोरीनं घेतली नाही, ती म्हणजे मीठ-मिरची. ती आपली मोबाइल काढायची, त्यावर काटेरी चाकासारखं विषाणूचं चित्र दाखवायची आणि बायकांना म्हणायची, "ताई, हा बघा चोर. याला पकडायचंय, डबी द्या." आणि द्यायच्या की हो! हसत हसत द्यायच्या. पूंगोडीला जे जमवायला तीन वर्षं लागली ते हिला तीन आठवड्यांत जमलं.

हे एक वेळ चाललं असतं. पण दुसऱ्या वर्षी नित्याच्या विडीवाल्यांच्या गल्लीतून असा विषाणू निघाला, जो त्या गावात आधी कुणी पाहिला नव्हता. नवं झाड लागलं आणि जाड्या फांदीपासून दूर, वर, कोपऱ्यात एक स्वतंत्र फांदी फुटलेली दिसली. तिच्यावर सगळे बारा नंबर. नित्याचा आकडा बारा. केंद्रातले सगळे तिला 'नित्याची फांदी' म्हणायला लागले. डॉक्टरम्मा बाहेरच्या पाहुण्यांना बोळात आणायच्या, बरोबर त्याच कोपऱ्यावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आणि ही आमची नित्या."

पूंगोडी तेव्हा बोळातून रिकामी पेटी घेऊन चालली होती. खाली उतरेपर्यंत तिनं ती पेटी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर आपटली.

घरी आल्यावर तिनं नवऱ्यावर राग काढला. तिचा नवरा एळुमलै, चामड्याच्या कारखान्यातून थकून आलेला, रस्सम-भात कालवत बसला होता.

"दोन वर्षं झाली नाहीत कार्टीला, आणि तिची फांदी! माझी चौदा वर्षं काय वाळूत गेली?"

"कसली फांदी?"

"रोटाची."

एळुमलैनं घास खाली ठेवला. "म्हणजे तुझ्या पोरांना जरा जास्त वाईट हगवण लागायला पाहिजे होती, असं म्हणायचंय का तुला?"

"तुम्ही गप जेवा."

"जेवतोच होतो. तू हा विषय काढेपर्यंत जेवण बरं लागत होतं." तो हसला. ती हसली नाही. तिला सगळीकडे तो बाराचा आकडा दिसत होता.

त्यानंतर ती नित्याचं सगळंच मोजायला लागली. डॉक्टरम्मा नित्याशी किती मिनिटं बोलल्या, चहा आधी कुणापुढे आला, बायका तिला 'नित्या' म्हणतात आणि मला मात्र 'अक्का', म्हणजे मी म्हातारी झाले का, हे सगळं. नित्या डब्यातला लिंबूभात पुढं करायची, "अक्का, घ्या ना, तुमच्यासाठी शेंगदाणे जास्त घातलेत." पूंगोडी म्हणायची, "मला पित्त होतं." आणि मग दिवसभर त्या लिंबूभाताचा वास तिच्या नाकातून जायचा नाही.

मग नित्याच्या बहिणीचं वळैकाप्पु आलं, म्हणजे नवव्या महिन्यात बांगड्या भरायचा समारंभ. सोमवारी रात्रीच्या बसनं नित्या तिरुवण्णामलैला गेली आणि पाच दिवस तिच्या गल्ल्या पूंगोडीकडे आल्या. चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे पिशवीत पडले, सातचा आणि बाराचा.

गुरुवारी सकाळी ती विडीवाल्यांच्या गल्लीत गेली. तसलीमचं बाळ रय्यान आजारी होतं, सोमवारी उलट्या आणि मंगळवारपासून जुलाब. तसलीम सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती. पूंगोडीला बघून तिचा चेहराच उतरला.

"नित्या नाही आली?"

"बहिणीकडे कार्याला गेलीय. मी आलेय ना."

"नाही, तसं नाही… थांबा हं, तिला एक फोन लावते."

आणि पूंगोडीच्या डोळ्यांदेखत तिनं नित्याला फोन लावला, विचारलं, हसली, बाळाचा आवाज तिला ऐकवला आणि मगच म्हणाली, "हं, घ्या." पूंगोडीनं चंचीतून मीठ-मिरची काढली तशी तसलीम घाईघाईनं म्हणाली, "नको नको, खाला, आमच्यात नाही हे चालत. नित्या पण नाही करत."

पूंगोडीनं मीठ-मिरची चंचीत परत टाकली. चौदा वर्षांत तिची ओवाळणी कुणी परत केली नव्हती. अपमानानं तिचे कान तापले. डबी काठोकाठ भरली, तिनं बारा नंबरची चिठ्ठी लावली आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली.

तिथून ती स्वतःच्या गल्लीत आली. नळाशेजारच्या घरात शेनबगमची दहा महिन्यांची याळिनी बुधवारी रात्रीपासून आजारी होती. शेनबगमची सासू कुप्पम्मा बाळाला सकाळीच तोक्कम काढायला घेऊन गेली होती. पोटात-घशात काही अडकलंय असं धरून एक बाई फुंकर घालून ते काढते, ते तोक्कम. काढून आणलं तरी जुलाब थांबला नव्हता. दारात त्यांची तांबडी गाय बांधलेली होती, आणि पाळणा गायीपासून दोन हातांवर.

"अक्का, तू ओवाळ गं आधी," कुप्पम्मा म्हणाली. "दृष्टच लागलीय पोरीला. काल शेजारीण म्हणाली, किती गुटगुटीत!"

पूंगोडीनं ओवाळलं, मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या, पाणी कसं पाजायचं ते पुन्हा सांगितलं, डबी भरली आणि सात नंबरची चिठ्ठी लावायला नळाच्या कट्ट्यावर येऊन बसली. प्रत्येक डबीनंतर साबणानं हात धुवायचे, हा केंद्राचा कडक नियम, आणि तिथंच नळ होता.

पेटीत दोन डब्या शेजारी शेजारी. एक बाराची, काठोकाठ. एक सातची, अर्धीच. ती बघत राहिली. सातमध्ये काय असणार ते तिला ठाऊक होतं. तेच, जाड्या फांदीवरचं. आणि बाराच्या डबीत नित्याच्या फांदीवरचं आणखी एक पान. कुणी भरलं? पूंगोडीनं. कुणाच्या नावावर जाणार? नित्याच्या.

इतकंच तिच्या मनात आलं आणि हातांनी पुढचं केलं. पिशवीतून कोरी डबी काढली. रय्यानच्या डबीतले चार चमचे तिच्यात घातले. तिच्यावर याळिनीची, सात नंबरची चिठ्ठी लावली. आणि याळिनीची खरी डबी नळाखाली उपडी केली, खळखळून धुतली. सगळं गटारातून वाहून गेलं. हात तिनं साबणानं दोनदा धुतले. नियमाला ती पक्की होती.

तीन आठवड्यांनी डॉक्टरम्मांनी तिला वर बोलावलं. "पूंगोडी! तुमच्याकडे पोहोचला! याळिनीच्या डबीत तो नवा निघालाय."

त्या दिवशी केंद्रात चहाबरोबर बोंडा आला. डॉक्टरम्मांनी छापलेल्या झाडावर पेनानं त्या कोपऱ्यातल्या फांदीला एक काडी काढली आणि तिच्या टोकाला लिहिलं, सात. बारांच्या घोळक्यात एक सात. नित्यानं येऊन तिला मिठीच मारली, "अक्का! आता फांदी आपल्या दोघींची!" पूंगोडीला ते 'आपल्या दोघींची' खुपलं, पण तेवढंच. त्या आठवड्यात ती कारण काढून काढून बोळातून जायची. घरी जाताना एळुमलैसाठी तळलेले मासे घेऊन गेली. तो म्हणाला, "आज कुणाच्या पोराला जुलाब झाला एवढा आनंदाचा?"

आणि पुढच्या सोमवारी सगळ्या अक्कांना खाली बसवून डॉक्टरम्मा म्हणाल्या, "एक गोष्ट मला सुटत नाहीये."

त्यांनी दोन कागद समोर धरले. विडीवाल्यांच्या गल्लीतल्या सहा पोरांचे विषाणू एकमेकांपासून दोन-चार अक्षरांनी वेगळे होते, शेजारी शेजारी राहूनसुद्धा. पण रय्यान आणि याळिनी, मध्ये अडीच किलोमीटर, ना नातं ना येणंजाणं, आणि अकराच्या अकरा तुकड्यांत एका अक्षराचा फरक नाही.

"म्हणजे मध्ये दुसरं कुणी बाळ नाही. त्या घरातून या घरात सरळ कुणीतरी नेलाय. हातावरून, कपड्यावरून. कुणाला दोष द्यायचा नाहीये मला. पण असं कोण गेलं होतं ते कळायला हवं, नाहीतर आपणच आजार वाटत फिरू."

पूंगोडीनं मनात दिवस मोजले. बुधवारी रात्री याळिनी आजारी पडली, आणि ती स्वतः रय्यानकडे गेली गुरुवारी. तारखा तिला वाचवत होत्या. तिनं मान खाली घातली.

आणि नित्या उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"मी, डॉक्टरम्मा. सोमवारी. पूंगोडी अक्कांच्या पुड्या संपल्या होत्या, म्हणून बसला जायच्या आधी मी शेनबगमकडे पुड्यांचं खोकं ठेवून आले. तसलीमकडूनच सरळ गेले. रय्यान माझ्या मांडीवर ओकला होता. मी हात धुतले होते, देवाशप्पथ धुतले होते. पण ओढणी तीच होती. आणि मी… मी याळिनीला उचललं होतं." ती खाली बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडायला लागली.

सगळ्या अक्का तिच्याभोवती गोळा झाल्या. पूंगोडी जागची हलली नाही.

पुढच्या आठ दिवसांत पूंगोडीला हवं होतं ते सगळं न मागता मिळालं. डॉक्टरम्मांनी नित्याला तूर्त गल्ल्यांत पाठवायचं थांबवलं. नित्या शेनबगमची माफी मागायला गेली तर कुप्पम्मानं दार लावून घेतलं. बातमी चार गल्ल्यांत पसरली. बायका पूंगोडीला दारात बसवून म्हणायच्या, "ती बुटवाली पोरगी रोग घेऊन आली गं! ना ओवाळणं, ना काही. अक्का, तूच आपली बरी." चौदा वर्षांत त्यांनी तिला इतकं तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. ऐकायला गोड लागायचं. पण प्रत्येक वेळी पूंगोडी म्हणायची, "असू दे गं, पोर आहे," आणि म्हणताना स्वतःचीच तिला किळस यायची.

तरी ती गप्प राहिली. तिनं स्वतःला समजावलं की पोर शिकलेली आहे, दुसरी नोकरी मिळेल. महिन्याभरात सगळे विसरतील. आणि खरं सांगितलं तर आपलं काय राहील?

पुढच्या मंगळवारी ती बर्फ भरायला केंद्रावर लवकर गेली. हौदाशी नित्या हात धुत होती. धुऊन झाले, पुसले, आणि परत साबण घेतला. परत धुतले. पूंगोडी मागं उभी राहून बघत होती. चौथ्यांदा साबण घेतला तेव्हा तिनं पोरीचं मनगट धरलं. बोटांची सालं निघाली होती, सांध्यांशी चिरा पडून रक्त दिसत होतं.

"हे काय केलंस गं?"

"जात नाही असं वाटतं, अक्का." नित्या तिच्याकडे बघत नव्हती. "बहिणीला मुलगी झाली काल. आई म्हणते, ये बघायला. मी नाही जाणार. मी बाळाला हात लावणार नाही आता. नोकरी सोडायचा कागद लिहून आणलाय, डॉक्टरम्मा आल्या की देते."

पूंगोडीनं मनगट सोडलं नाही. तिला राग आला. कुणाचा ते तिला त्या वेळी कळलं नाही. तिनं त्या पोरीला ओढतच जिन्यावरून वर नेलं, बोळात, झाडासमोर. डॉक्टरम्मा नुकत्याच येऊन खोलीचं कुलूप उघडत होत्या.

"डॉक्टरम्मा, हे सात खोटं आहे," पूंगोडी म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं. "हे याळिनीचं नाही. रय्यानचंच आहे. एकाच पोराचं दोन डब्यांत घातलं मी. ही पोरगी कुठं काही घेऊन गेली नाही. मी केलं."

मग डॉक्टरम्मांनी विचारलं, "का?"

"फांदी हवी होती मला." तिचा आवाज फाटला. "चौदा वर्षं झाली. हिला दोन वर्षांत मिळाली. मला बघवत नव्हतं."

नित्यानं आपला हात झटकन काढून घेतला. "मी आठ दिवस जेवले नाही, अक्का," ती म्हणाली. "तुम्ही रोज बघत होता. मी म्हटलं, अक्का बोलत नाहीत, म्हणजे माझ्यामुळे त्यांना किती लागलंय." आणि ती जिना उतरून निघून गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर पूंगोडीला बरं वाटलं असतं.

डॉक्टरम्मांनी झाडाजवळ येऊन त्या सातवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आणि याळिनीची खरी डबी? ती कुठाय?"

"नळाखाली ओतली."

"सगळी?"

"सगळी. धुतली पण."

"काय होतं तिच्यात, ते आता कधीच कळणार नाही," डॉक्टरम्मा म्हणाल्या. पेन काढून त्यांनी ते सात खोडून टाकलं.

पूंगोडीला त्यांनी हाकलून दिलं नाही. तेच तिला जास्त लागलं. तिला गल्ल्यांतून काढून खाली धुण्याच्या खोलीत टाकलं, पेट्या घासायला आणि कोऱ्या डब्या मोजायला. नित्यानं तो कागद फाडला. डॉक्टरम्मा स्वतः तिला घेऊन कुप्पम्माच्या दारात गेल्या आणि सांगितलं की या पोरीचा काही दोष नाही. दोष कुणाचा ते त्यांनी सांगितलं नाही. सात नंबरच्या चार गल्ल्या नित्याला मिळाल्या, नंबर मात्र सातच राहिला. एळुमलैनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही. नुसतं म्हणाला, "जेव."

चार महिने गेले. नित्या पूंगोडीशी कामापुरतं बोलायची. पेटी द्या, डब्या द्या, संपलं. एकदा मात्र पेटी घेताना थांबली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "कुप्पम्मा म्हणते, ओवाळल्याशिवाय डबी देणार नाही. मीठ आधी का मिरची आधी?"

"दोन्ही एकाच मुठीत," पूंगोडी म्हणाली. "तीनदा. बाळाच्या डोक्यावरून पायाकडे." तिनं कंबरेची चंची सोडली आणि नित्याच्या हातात दिली. नित्यानं ती कंबरेला बांधली. पूंगोडीनं मान वळवली. तिला ते बघवेना.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावर आरडाओरडा झाला, हसण्याचे आवाज आले, आणि कुणीतरी बोंडा आणायला पळालं. संध्याकाळी सगळे गेल्यावर पूंगोडी ओलं फडकं हातात घेऊन बोळात गेली. नवं झाड लागलं होतं. जुनी जाडी फांदी होती, नित्याची फांदी होती, आणि त्या दोन्हींपासून दूर, अगदी एकटी, तिसरी फांदी फुटली होती. तिच्यावर पाच पानं. सगळी सात नंबरची.

तिनं परत मोजली. सात, सात, सात, सात, सात.

"सहा तुकडे माणसाच्या रोटाचे आणि पाच गायीच्या," मागून आवाज आला. नित्या जिन्याशी उभी होती, पेटी कंबरेवर घेऊन. "डॉक्टरम्मा म्हणतात, असं त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. कुप्पम्माच्या गल्लीतली पाच पोरं."

पूंगोडीला गाय आठवली. तांबडी. पाळण्यापासून दोन हातांवर. तिनं फांदीच्या बुडाशी बघितलं. तिथं, पाचही काड्या जिथं एकत्र येत होत्या, डॉक्टरम्मांनी हातानं एक छोटा गोल काढला होता. आत नंबर नव्हता. शेजारी पेन्सिलीनं एक महिना लिहिला होता. याळिनी आजारी पडली तोच.

"हा गोल कसला?"

नित्यानं पेटी खाली ठेवली. "या पाचांच्या आधीचं एक बाळ असणार, असं गणितावरून दिसतं. सगळे त्याच्यापासून निघालेत. सगळ्यात पहिलं. ते आपल्याकडे नाहीये."

पूंगोडीनं त्या गोलावर बोट ठेवलं. बोट ओलं होतं, पेन्सिलीचा महिना थोडा पुसला गेला. तिनं बोट मागं घेतलं.

"मग इथं कुठला नंबर लिहिणार?"

"नाही लिहीत, अक्का," नित्या म्हणाली. "तो रिकामाच ठेवतात."